सर्वोत्तम आवाजाचे परीक्षक

माझे वडील दोन्ही कानांनी जवळजवळ बहिरे आहेत, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. तरीही गेल्या हिवाळ्यात लातूरच्या काही गाडीशौकिनांनी त्यांना 'सर्वोत्तम आवाज' या स्पर्धेचे परीक्षक म्हणून बोलावलं. बोलवायला आलेला माणूस चाळिशीचा होता. गाड्यांना रंगीत पट्टे आणि जाड सायलेन्सर बसवून द्यायचं त्याचं दुकान होतं. सोफ्यावर बसून तो दहा मिनिटं वडिलांशी बोलला आणि वडील हसून मान हलवत राहिले. त्यांच्या कानावर एक शब्द पडला नव्हता आणि याच्या ते लक्षातही आलं नव्हतं. आपलं बोलणं समोरच्याला ऐकू येतंय का, एवढंही ज्याला ओळखता येत नाही, तो आवाजाची स्पर्धा भरवणार होता.

मी त्याला स्पष्ट सांगितलं की बाबांना ऐकू येत नाही. तो जराही गडबडला नाही.

"चालतंय की मॅडम. काकांचं नाव लागलं की बास. मार्क आम्ही टाकतो."

मी हे सगळं वहीच्या पानावर लिहून वडिलांना दाखवलं. मार्कांचं वाक्य मुद्दाम खाली रेघ ओढून लिहिलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "जाऊ की." मला त्यांचाही राग आला.

त्यांचं नाव लावण्यासारखं होतं, हे मात्र खरं. नांदेडला त्यांचं गॅरेज होतं. पेट्रोलच्या गाड्यांचं काम चालायचं आणि त्यातही वेगाच्या वेड्यांची गाडी त्यांच्याकडेच यायची. असे वेडे तेव्हा फार नव्हते. एक डॉक्टर होते, एक रस्त्यांचा ठेकेदार होता आणि धर्माबादचा एक मिरचीचा व्यापारी होता. व्यापाऱ्याच्या लाल गाडीला वडिलांनी पेट्रोलमध्ये हवा मिसळणारे कार्बोरेटर एकाऐवजी दोन बसवले होते. दोन्हींत हवा सारखी जाते की नाही, हे पाहायला यंत्र नव्हतं. रबरी नळीचा हातभर तुकडा असायचा, त्याचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं आणि दुसरं कानाला लावायचं. मी सातवीत होते. वडिलांचा उजवा कान तेव्हाच कामातून गेला होता आणि डाव्याला बारीक आवाज कळत नव्हता, म्हणून नळी माझ्या कानाला असायची. हवेचा बारीक सूऽऽ आवाज यायचा. दोन्हीकडचा सूर जुळेपर्यंत ते स्क्रू फिरवायचे आणि मी मान हलवायची. जुळला की इंजिन असं एकसंध गुरगुरायचं, की शेजारचा पानवाला हातातला चुना तसाच ठेवून बघत राहायचा. ती गाडी लोहा गावच्या रस्त्याला लागली की आवाज कितीतरी वेळ ऐकू येत राहायचा. मला त्या आवाजाचा अभिमान होता. तो मी केलेला होता.

पुढं गाड्यांत कॉम्प्युटर आला. पेट्रोल किती सोडायचं ते तोच ठरवायला लागला आणि नळी खुंटीला लागली. इंजिनाचा आवाज सपाट झाला. मग इंजिनात हवा दाबून भरणारे टर्बो आले. गाड्या जास्त पळायला लागल्या, पण आवाज शिंकल्यासारखा. इथवर मी समजू शकते. त्यानंतर जे आलं त्याला मात्र माझ्याकडे क्षमा नाही. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये मुद्दाम असा फेरफार करायचा, की पाय उचलला तरी थोडं पेट्रोल न जळता सायलेन्सरमध्ये जावं आणि तिथं फटाक्यासारखं फुटावं. यानं गाडी कणभरही जास्त पळत नाही. मी लातूरला शिकवणीच्या वर्गात भौतिकशास्त्र शिकवते, वर्ग रस्त्याला लागून आहे. गतीचे नियम सांगताना बाहेरून तड तड तड होत एखादी गाडी जाते. मी खडू हातात धरून थांबते. वर्ग हसतो. आवाज गेला की मी त्याच वाक्यापासून पुन्हा सुरुवात करते. आपल्या गाडीतला दोष पैसे देऊन विकत घेणारी माणसं माझ्या वर्गात बसली असती, तर मी त्यांना अकरावीच्या पुढं जाऊ दिलं नसतं.

स्पर्धा रविवारी सकाळी रिंग रोडजवळच्या मोकळ्या प्लॉटवर होती. मांडव, फेटे, डीजे. आवाजाच्या स्पर्धेत डीजे कशाला, हे मी विचारलं नाही. वडिलांना भगवा फेटा बांधून पहिल्या खुर्चीत बसवलं आणि मी मदतनीस म्हणून शेजारी बसले. त्यांनी कानातलं मशीन घरीच ठेवलं होतं. ते नुसतंच घरघर करतं, असं त्यांचं म्हणणं.

गाड्या एकेक करून पुढं यायला लागल्या. चालक बसल्या जागी इंजिन तापवायचा, फटाके फोडायचा आणि बाजूचे लोक मोबाइल वर धरायचे. सूत्रसंचालक प्रत्येक गाडीला 'मराठवाड्याचा वाघ' म्हणत होता. तिसऱ्या वाघानंतर वडील खुर्चीतून उठले. मला वाटलं, कंटाळले. ते चौथ्या गाडीपाशी गेले आणि बॉनेटवर तळहात टेकवला. थोडा वेळ डोळे मिटून उभे राहिले, मग माझ्याकडे वळले.

"दोन नंबरचा सिलिंडर नीट जळंना. सांग त्याला, प्लग बघ म्हणावं."

मी त्या गाडीवाल्याला सांगितलं. त्याला वाटलं मी मार्क सांगायला आले. "किती दिले?" असं त्यानं विचारलं आणि प्लगचं ऐकल्यावर तोंड फिरवलं.

शेवटची गाडी एका डाळमिलच्या मालकाची होती. माणूस तिशीचा, बायको शेजारी बसलेली. गाडी काळी, नवी, बसकी. तिनं असा आवाज काढला, की आधीच्या सगळ्या खोकत होत्या असं वाटावं. खोल, भरलेला, आठ सिलिंडरच्या परदेशी इंजिनाचा आवाज. मांडवातले लोक उभे राहिले. खरं सांगते, माझ्याही अंगावर काटा आला. वडिलांनी बॉनेटवर हात ठेवला. ठेवूनच राहिले. मग दुसरा हात ठेवला. लोक टाळ्या वाजवत होते आणि ते माझ्याकडं बघून त्यांच्या बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "अजून सुरू केली न्हाई का यानं?"

टाळ्या थांबल्या. मालक खाली उतरला आणि हसत सांगायला लागला, की गाडी बॅटरीवरची आहे, आवाज बंपरखालच्या स्पीकरमधून येतो, मोबाइलवरून हवा तो निवडता येतो. त्यानं दाखवायला दुसरा निवडला. गाडी एकदम शर्यतीच्या गाडीसारखी किंचाळली. मग तिसरा निवडला. तो बहुधा विमानाचा होता.

मी वडिलांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन सगळं ओरडून सांगितलं. मला वाटलं, आता ते फेटा उतरवून चालायला लागतील. मीही उठायच्या तयारीत होते. इतक्या वर्षांत कुणाला जितकं कमी लेखलं नसेल, तितकं मी त्या मिलमालकाला त्या क्षणी लेखत होते. वडील त्याला म्हणाले, "एक चक्कर मारू का?"

ते पुढं बसले. मी मागं, त्याच्या बायकोशेजारी. रिंग रोड मोकळा होता. त्यानं पाय दाबला आणि आम्ही सगळे सीटला चिकटलो. वडिलांनी दरवाजाची मूठ घट्ट धरली होती. मी त्यांचा चेहरा आरशात पाहिला. असा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर आईच्या मृत्यूनंतर पाहिला नव्हता. माझं तोंड कडू झालं.

परत आल्यावर मालक बाजूला गेला, तेव्हा मी त्यांना कानात विचारलं, आपल्या लाल गाडीपुढं ही काहीच नाही ना?

"त्या लाल गाडीचं काय सांगतीस," ते म्हणाले. "त्या व्यापाऱ्यानं सायलेन्सरची आतली जाळी काढाय लावली. त्याला आवाज पाहिजे होता. त्यानं हळू असतानाचा जोर गेला, गाडी मंद झाली. त्याला वाटायचं पळायली."

"मला कधी बोलला नाहीत."

"तू लई खूश असायचीस."

चाळीस वर्षं मी ज्या आवाजाच्या जोरावर या सगळ्यांना तुच्छ मानत आले, तोही गिऱ्हाइकासाठी वाढवलेला होता.

बक्षीस अर्थातच काळ्या गाडीला मिळालं. ते आधीच ठरलं होतं, मिल प्रायोजक होती. चषक वडिलांच्या हातून दिला. फोटो काढताना मिलमालक त्यांच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला, तेव्हा ते त्याला शांतपणे म्हणाले, "गाडी चांगली हाय. आवाज तेवढा काढून टाक." त्यानं अंगठा वर केला. फोटोत तो अंगठा आला आहे. खाली कुणीतरी 'इंजिनाचे जादूगार' असं लिहून सगळ्या ग्रुपवर फिरवलं.

त्यानं आवाज काढला नाही. महिन्याभरात तो वर्गासमोरून विमान घेऊन गेला आणि मी खडू हातात धरून थांबले. त्याच्याविषयीचं माझं मत बदललेलं नाही, फटाकेवाल्यांविषयीचं तर अजिबात नाही.

वडिलांनी मात्र त्या दिवसापासून माझ्या मागं लागून बॅटरीच्या गाडीची मोटार समजून घ्यायला सुरुवात केली. संध्याकाळी जेवणाआधी मी वहीत चित्रं काढते, ते खाली बोट ठेवून वाचतात. जागेवरून लगेच एवढा जोर कसा येतो, असं त्यांनी विचारलं. माझ्या वर्गातल्या मुलांना सूत्र पाठ असतं, हा प्रश्न त्यांच्यापैकी कुणी कधी विचारला नाही. मी लिहून दाखवलं. मोटार फिरायला लागली की तिच्यात विजेचा उलटा दाब तयार होतो आणि तो येणारी वीज अडवतो. उभी असताना अडवणारं काही नसतं, म्हणून जोर सुरुवातीलाच सगळ्यात जास्त.

त्यांनी चित्रावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. "आमच्या इंजिनाला आधी पळवाय लागायचं, मग जोर," ते म्हणाले. "हे लई सरळ हाय." आणि पुढचं चित्र दाखव म्हणून पान उलटलं.