जमनाबाईंच्या खोलीतला उजेड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, आणि माझं काही तिच्यापासून लपत नाही असा तिचा ठाम समज आहे. तुम्हाला सांगतो. बोलणं हा माझा प्रांतच आहे, तेव्हा हेही नीटच सांगेन.

माझं नाव झालं ते एका वाक्यावर — घर आधी अंगाला कळतं, नकाशाला नंतर. युरोपातल्या तत्त्वज्ञांची फेनॉमेनॉलॉजी, म्हणजे अनुभवाचं तत्त्वज्ञान, मी वास्तुकलेच्या मुलांना शिकवायचो. जागा म्हणजे लांबी-रुंदी नव्हे. पायाखालची फरशी, भिंतीचा गारवा, सकाळचा उजेड कुठून येतो, हे सगळं मिळून जागा. मुलं भारावून जायची. का नाही जाणार? मी उदाहरणच तसं द्यायचो — उल्हासनगरच्या जमनाबाईंचं.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना तिथे लष्कराच्या जुन्या बराकींत ठेवलं होतं. पुढे त्या बराकींत मधल्या भिंती घालून कुटुंबागणिक खोल्या पाडायचं ठरलं. मी तेव्हा सरकारी नोकरीत होतो, नकाशे माझ्याकडे. मी राहायचो अंबरनाथला, उल्हासनगर ते किती लांब? तरीही — मी एकच बराक आतून पाहिली आणि तिच्यावरून बाकीच्या सगळ्या काढल्या. सारख्याच तर असणार! प्रत्येक नकाशाखाली मात्र झोकात लिहिलं, ‘जागेवर पाहणी केली’, आणि सही ठोकली.

जमनाबाईंच्या बराकीतली शेवटची खिडकी लष्करानंच कधीतरी विटांनी बुजवली होती. माझ्या नकाशात ती उघडी होती. मधली भिंत उभी राहिली आणि त्यांच्या खोलीला दाराखेरीज उजेड उरला नाही. बाई विधवा, शिवणकामावर घर चालवायच्या. मी काम बघायला गेलो तेव्हा मशीन दारात ओढून बसल्या होत्या.

“साईं, अंदर आके बैठो तो सही. सुबह हुई, ये मेरेको पडोसी के बर्तन बताते हैं.”

मी आत गेलो नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणालो, वर विचारतो.

विचारलं का? नाही. त्या विटा काढायला एक गवंडी आणि अर्धा दिवस पुरला असता. पण साहेबांनी विचारलं असतं — पाहणी केलीत ना, मग बुजवलेली खिडकी दिसली कशी नाही? पुढच्या आठवड्यात मी बाईंना सांगितलं, वरून नकार आला. त्यांनी मान डोलावली आणि मशीन आणखी थोडं बाहेर ओढलं.

त्यांचं ते बोलणं मात्र मी घरी आणलं. अंबरनाथमध्ये कारखान्याच्या एका अधिकाऱ्याच्या बंगल्यात स्वयंपाकघराला पूर्वेकडे मोठी खिडकी दिली. लोक बघायला आले. मग बदलापूरला तशीच दोन घरं बांधली. वर्गात सांगायचो, मी त्या खोलीत दिवसभर बसलो, तेव्हा मला सकाळ म्हणजे काय ते कळलं. अगदी सफाईनं सांगायचो.

एकदा एका मुलीनं विचारलं, “सर, मग त्या बाईंच्या खोलीचं काय केलंत?”

“विटा काढून खिडकी मोकळी करून दिली,” मी म्हणालो. टाळ्या पडल्या. त्या मला गोड लागल्या — हेही सांगायला हवं.

त्याच वर्षी मी त्या बराकीवरून गेलो. भर दुपार होती. जमनाबाई दारातच शिवत होत्या, दोरा ओवायला सुई अगदी डोळ्यांशी धरून. मला त्यांनी पाहिलं नाही. तेव्हा माझ्या हाताखाली सहा गवंडी होते. मी रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या बाजूनं निघून गेलो.