गुणी पोर

चिखलीतली कुसुमताईंची अंगणवाडी भाड्याच्या एका खोलीत भरते. खोलीला लागून पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये लोखंडाचे भाग ठोकून काढणारा पॉवर प्रेस. अकरा वाजता प्रेसचा पहिला ठोका पडला की सगळी पोरं दचकायची. कुणी भोकाड पसरायचं, कुणी कुसुमताईंच्या पदरात शिरायचं.

एक पोर मात्र कधीच दचकली नाही. माहेनूर. दीड वर्षाची असल्यापासून तिची आई ताहेरा तिला इथं सोडायची आणि घरी शिलाईचं काम उरकायची. बाप कादर, दुचाकी दुरुस्त करणारा. माहेनूर कोपऱ्यात बसून डब्यावर डबा रचायची. प्रेस धाडधाड करायचा आणि ही त्यात गाढ झोपायची. कुसुमताई इतर आयांना सांगायच्या, “या ताहेराची पोर बघा, किती गुणी. नाहीतर तुमची!”

कुसुमताई मूळच्या केज तालुक्यातल्या. नवरा ज्योतीराम चाकणच्या कंपनीत लागला तेव्हा इकडं आल्या. सोळा वर्षं अंगणवाडी केली. पोरांची वजनं, खिचडी, लसीकरणाची बोलावणी, गरोदर बायकांच्या याद्या, आणि दरवर्षी भरायचे तपासणीचे तक्ते. मूल चालतं का, बघतं का, आवाजाला वळतं का. त्या तक्त्यांसाठी एकेका पोराला जवळ घ्यावं, पाठीमागून वाटी वाजवावी, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. कुसुमताईंनी पहिली दोन वर्षं ते केलंही. मग एका बैठकीत चाळीस पोरांचे तक्ते संपवायचा हात बसला. वरून खाली नुसतं हो, हो, हो.

माहेनूर सव्वातीन वर्षांची असताना एका दुपारी ताहेरा उंबऱ्यात येऊन बसली.

“अजून बोलत नाही म्हणून पोरीला दवाखान्यात नेलं. डोक्याला वायरी लावून, झोपवून तपासलं,” ती म्हणाली. “दोन्ही कान गेलेत. जन्मापासून.”

कुसुमताईंच्या हातात खिचडीचा डाव होता, तो तसाच राहिला.

“डॉक्टर माझ्यावर ओरडले. म्हणाले, दोन वर्षं आधी आणायची होती, तेव्हाच मशीन लागलं असतं तर आत्तापर्यंत बोलायला लागली असती. मी म्हटलं, साहेब, अंगणवाडीच्या बाईंनी दोनदा तपासलंय. ऐकायला चांगलं येतं म्हणून लिहिलंय.”

तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. बिचारी कुसुमताईंची साक्षच काढत होती. ती गेल्यावर कुसुमताईंनी कपाटातून वही काढली. दोन ठिकाणी त्यांच्याच वळणदार अक्षरात ‘हो’. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. ज्योतीरामनं विचारलं तर म्हणाल्या, “माझीच मला शिसारी आलीय. पोर बहिरी होती म्हणून गप होती, आन् मी तिचं कौतुक करीत बसले.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी वरच्या पर्यवेक्षिका मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी दार लोटून घेतलं.

“अहो कुसुमताई, सगळ्याच असं भरतात. कोण वाटी वाजवत बसतंय? एक काम करा. ते पान काढा, नवीन लावा. ‘शंका वाटते, दवाखान्यात न्यायला सांगितलं’ असं लिहा. आईनं नेलं नाही, तर आपण काय करणार?”

तोंडात माशी गेल्यावर जसं होतं तसं कुसुमताईंना झालं. आपलं पाप ताहेराच्या पदरात टाकायचं, तेही चांगल्या अक्षरात! त्यांनी वही काखोटीला मारली आणि तडक ताहेराच्या घरी गेल्या.

“मी तपासलंच नव्हतं,” त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. “दोन्ही वेळा नुसतं लिहिलं.”

ताहेरा शिलाई मशीनवर होती. तिचा पाय थांबला. मग म्हणाली, “हाक मारली की बघायची नाही म्हणून मी मारायचे हिला. पाठीत धपाटे घालायचे. तुम्ही म्हणायच्या, गुणी आहे. मला वाटायचं, तिथं ऐकते आणि घरी मुद्दाम ऐकत नाही.” ती उठली आणि दार उघडून उभी राहिली. “जा तुम्ही, बाई.”

कुसुमताई गेल्या. त्यानंतर मात्र त्यांनी खोलीतल्या एकेका पोराच्या मागे बसून वाटी वाजवली. ती वेळ प्रेस बंद असण्याची हवी, म्हणून कारखान्यांच्या आठवड्याच्या सुट्टीचा गुरुवार धरला. त्यात आणखी एक मुलगा सापडला, दीड वर्षाचा. त्याच्या घरी गेल्या तर आजी म्हणाली, “पोरगे उशिराच बोलतेत. ह्याचा बाप पाच वर्षांचा हुईस्तोवर मुका व्हता. पोपटाचं उष्टं खाऊ घाला.” कोपऱ्यात खरंच पिंजरा टांगला होता आणि पोराच्या हातात चोच मारलेला पेरू होता. त्यावर माश्या बसत होत्या. कुसुमताईंनी पेरू हिसकावून गटारात फेकला. “आजी, दीड-दोन वर्षं अशीच मी वाया घालवलीत, दुसऱ्याच्या पोराची. उद्या दवाखान्यात चला, नाहीतर मी इथून हलत नाही.” आजीनं शिव्या घातल्या, पण सून निघाली.

पंधरा दिवसांनी कादर अंगणवाडीच्या दारात आला. कुसुमताईंना वाटलं, भांडायला आला. तो चपला काढून आत आला.

“कानाचं मशीन मिळालं, पण पोरगी ठेवत नाही. काढते, फेकते. काल पाण्याच्या बादलीत टाकलं. ताहेरा रडून रडून बेजार. पोरांना गप्पा मारत कसं गुंतवायचं ते तुम्हाला येतं, म्हणून आलो. तिनं पाठवलं नाही, मीच आलोय.”

कुसुमताईंना तरी कुठं काय येत होतं! त्यांनी दवाखान्यातून एका बाईचा नंबर मिळवला. वर्षाली, पिंपळे सौदागरला राहणारी. तिच्या मुलाला ऑपरेशन करून मशीन बसवलं होतं आणि तो आता शाळेत जात होता. वर्षाली पुढच्या गुरुवारी आली. तिनं मशीन बांधायची कापडी पट्टी दाखवली. पोर वाढलं की कानातला साचा सैल होतो, मशीन शिट्टी मारतं आणि मूल वैतागतं, हेही सांगितलं. “आधी दहा मिनिटं घाला, आवडीचं काहीतरी वाजवा, मग काढा. समोर बसून बोला. हातानंही सांगा, हातानं सांगितलं तर बोलणार नाही असं काही नसतं.”

ताहेरा दारापाशी बसून ऐकत होती. कुसुमताईंकडे तिनं पाहिलं नाही. पण पुढच्या गुरुवारी ती सात-आठ पट्ट्या शिवून घेऊन आली.

असे गुरुवार सुरू झाले, त्याला दोन वर्षं होत आली. आता ऐकू न येणाऱ्या पोरांची अकरा घरं येतात. आया येतात, रात्रपाळी करून आलेले दोन बाप येतात आणि भिंतीला टेकून पेंगतात, पण येतात.

मध्यंतरी त्याच मॅडमचा फोन आला. “तुमच्या उपक्रमाचं नाव वर गेलंय. आदर्श सेविका म्हणून सत्कार आहे. मुलांना कानात मशीन दिसेल असं बसवा, फोटो हवेत.”

“मॅडम, मशीन दाखवायला पोरं काय दुकानात मांडलीत?” कुसुमताई म्हणाल्या. “आन् आदर्श म्हणाल तर ती वही अजून माझ्याकडं आहे. पान काढलं नाही मी. सत्काराला तीच घेऊन येते.”

फोन बंद झाला. सत्कार दुसऱ्या कुणाचा तरी झाला. नव्या तक्त्यांची मुदत आली तेव्हा शेजारच्या सेविकेनं एका दुपारी साठ तक्ते भरलेले कुसुमताईंनी डोळ्यांनी पाहिले. सगळे हो. त्या तिला बोलल्या, तर ती हसली. त्या हसण्याची किळस त्यांना घरी येईपर्यंत सोडत नव्हती, कारण तसंच हसू कधीकाळी आपल्याही तोंडावर असणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

माहेनूर आता पाच वर्षांची झालीय. शब्द अडखळत येतात, निम्मे फक्त ताहेरालाच कळतात. दिवसभर मशीन ठेवते. आणि आता गुणी वगैरे मुळीच नाही; हवं ते मिळालं नाही की पाय आपटून खोली डोक्यावर घेते.

परवा एक नवी आई आली होती, स्वप्नाली नावाची, आवाजाला न वळणारं आठ महिन्यांचं बाळ घेऊन. ती घाबरलेली. “इथं कुणाचं ऐकायचं?” तिनं ताहेराला हळूच विचारलं.

ताहेरानं हातातली पट्टी खाली ठेवली आणि कुसुमताईंकडे मानेनं खूण केली. “त्यांना विचारा. एकदा माझ्याशी खोटं वागल्यात त्या. आता नाही वागायच्या.”

कुसुमताईंनी ते ऐकलं. माफ केलं असं ताहेरा कधी म्हणाली नाही, आणि कुसुमताईंनीही कधी मागितलं नाही. त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि स्वप्नालीला विचारलं, “दवाखान्यात कधी जायचं? मी येते बरोबर.”