वाकड्या जबड्याचा सरडा

दवाखान्यात तिला सगळे श्वासबाई म्हणत. सव्वीस वर्षं ती एक्स-रे काढत होती, आणि फोटो छातीचा असो की करंगळीचा, "श्वास रोखा" म्हटल्याशिवाय तिचा हात बटणाकडे जातच नसे. करंगळी कुठे श्वास घेते, असं कुणी म्हटलं तर ती फटकन म्हणे, "करंगळीचा मालक घेतो ना!" पेशंटबरोबर ती स्वतःही श्वास रोखून धरायची, हे मात्र तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी तिने एक वापरलेला कॅमेरा घेतला आणि फोटो मंडळात नाव घातलं. मंडळ दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरायचं. पडद्यावर एकेकाचा फोटो लागायचा, बाकीचे चुका काढायचे, आणि ज्याचा फोटो त्याने ब्रसुद्धा काढायचा नाही असा नियम. शेवटी उठून "आभारी आहे" म्हणायचं आणि खाली बसायचं. वर्षाअखेरीला बारा फोटो निवडून खालच्या भिंतीवर महिनाभर लावत. तिला त्या बारांत यायचं होतं. दोन वर्षं तिची डाळ शिजली नव्हती, आणि ते तिला फार लागलं होतं.

तिसऱ्या वर्षी तिने फोटोसाठी सरडा निवडला. एक्स-रे खोलीच्या मागे बंद पडलेला जनरेटर होता, त्याच्या कडेच्या भिंतीवर तो राहायचा. पहिला फोटो पडद्यावर आला तेव्हा हॉलमध्ये खसखस पिकली.

"बाई," अध्यक्ष म्हणाले, "हा फोटो आहे की एक्स-रे? टेबलावर पालथा झोपवल्यासारखा दिसतोय बिचारा."

अध्यक्ष निवृत्त चित्रकला शिक्षक होते. बोलणं तिखट, पण नजर पक्की. तिला राग आला, कान गरम झाले, पण म्हणणं खोटं नव्हतं. आयुष्यभर तिने प्रत्येक जीव वरूनच बघितला होता. "आभारी आहे," ती म्हणाली आणि वहीत लिहिलं, 'त्याच्या डोळ्याच्या उंचीवर जाणे.'

जाणे म्हणजे झोपणे. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती पांढऱ्या कोटासकट सिमेंटवर पालथी पडली. झाडूवाली मावशी धावत आली, "अगं बाई, चक्कर आली का काय?"

"नाही हो मावशी, फोटो काढतेय."

"कोणाचा?"

"त्याचा."

मावशीने सरड्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि कपाळाला हात लावून निघून गेली.

दुसऱ्या फोटोवर अध्यक्ष म्हणाले, "नाक स्पष्ट, डोळा पुसट. बघणारा डोळ्यात बघतो, नाकात नाही. आणि ती मागची पिवळी टाकी कशाला? ऊनही डोक्यावरचं." तिने तिन्ही गोष्टी लिहून घेतल्या. मग ड्युटीच्या तासभर आधी, कोवळ्या उन्हात जायला लागली. त्या वेळी सरडा गारठलेला असे, अंग तापेपर्यंत जागचा हलत नसे. रोज वीतभर पुढे सरकायचं, थांबायचं, त्याला आपली सवय होऊ द्यायची. कोपरं सोलवटली. एकोणिसाव्या सकाळी त्याने मान वळवून थेट तिच्याकडे पाहिलं आणि तिने बटण दाबलं.

घरी लेकीच्या कॉम्प्युटरवर तिने तो मोठा करून पाहिला. डोळ्याभोवतीचा एकेक खवला मोजता येत होता. मागे नुसता मऊ हिरवा रंग. आणि तेव्हाच तिला खालचा जबडा दिसला. डावीकडे वाकलेला, मधे गाठ.

"अहो, इकडे या!" तिने नवऱ्याला हाक मारली. "मोडलाय हा. मोडून जुळलाय. ना प्लास्टर, ना डॉक्टर!" सव्वीस वर्षं तिने मोडलेली हाडं पाहिली होती. अशी गाठ कशी धरते, त्याला किती दिवस लागतात, दुखतं किती, हे तिला पुस्तक न उघडता माहीत होतं. तिचे डोळे भरून आले. नवऱ्याला नीटसं काही कळलं नाही, पण तो मान डोलावून उभा राहिला.

रविवारी फोटो पडद्यावर लागला. अध्यक्ष खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेले.

"उत्तम. डोळा, उजेड, पार्श्वभूमी, सगळं जमलंय. फक्त हा जबडा. नजर तिथेच अडकते, चेहऱ्याचा डौल जातो. कॉम्प्युटरवर सरळ करून घ्या, बारांत तुमची जागा पक्की."

ती "आभारी आहे" म्हणाली, पण वहीत काही लिहिलं नाही.

लेकीने पाच मिनिटांत जबडा सरळ केला. सरडा देखणा दिसू लागला, एखाद्या कॅलेंडरवरचा वाटावा असा.

"हा कोण?" तिने विचारलं.

"आई, तो फोटो आहे, रिपोर्ट नाही!"

"लागू दे की एकदाचा भिंतीवर," नवरा म्हणाला. "जबडा बघायला कोण बसलंय?"

ती दोन दिवस धुमसत होती. भिंत तिला हवी होती, अगदी मनापासून हवी होती. पण जुळलेलं हाड फिल्मवरून पुसणारी बाई तिच्यात नव्हती आणि या वयात तिला ती व्हायचंही नव्हतं.

निवडीच्या रविवारी पडद्यावर तोच वाकडा जबडा आला. अध्यक्षांनी चष्मा काढला. "बाई, मी काय सांगितलं होतं?"

ती उभी राहिली.

"नियम आहे..." कुणीतरी पुटपुटलं.

"माहितीये नियम. तीन वर्षं श्वास रोखून बसलेय इथे. मी पेशंटलासुद्धा दहा सेकंदांत सोडते." ती अध्यक्षांकडे वळली. "सर, तुम्ही पालथं झोपायला लावलंत, मी झोपले. डोळा म्हणालात, डोळा आणला. तुमच्यामुळे हा फोटो झाला, हे मी कुठेही सांगेन. पण जबडा त्याचा आहे. तुम्ही दिलेला नाही आणि मी काढून घेणार नाही. लावायचा तर असाच लावा."

मग ती बसली. "आभारी आहे" म्हणायचं राहिलं, आणि तिने ते राहू दिलं.

फोटो बारांत आला नाही. त्या जागी सूर्यास्त लागला. तसे आधीच चार होते. तिने आपला सरडा फ्रेम करून एक्स-रे खोलीत लावला, पेशंटचं तोंड वळतं त्याच भिंतीवर.

महिन्याभराने एक गवंडी आला. बांधकामाच्या परांचीवरून पाय घसरून तोंडावर आपटला होता. हनुवटीपासून डोक्यापर्यंत पट्टी, बोलायची सोय नाही, डोळ्यांत नुसती भीती. तिने त्याची मान वळवली. त्याची नजर फोटोवर गेली आणि तिथेच थांबली. हळूच हात उचलून त्याने सरड्याच्या जबड्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या.

"हो," श्वासबाई म्हणाली. "त्याचाही मोडलेला. काल माझ्यासमोर एवढा मोठा टोळ खाल्ला त्याने."

गवंड्याचे खांदे सैल झाले. ती काचेमागे गेली.

"आता हलायचं नाही. श्वास रोखा."