सात नाही, साथे

“मनीषाबेन, हे ड्रमचं डबल-डबल काय वाजते? तुझी गुड्डी वाटी ठोकते की काय?”

शेठनी गाणं थांबवलं आणि माझ्या मांडीवरच्या गुड्डीकडं बघितलं. मी तिला घट्ट धरलं. नवरा राखोलीला धाग्याच्या कंपनीत, सासू तिकडं नंदुरबारला, तं पोरीला मी ठेवणार कुठं? म्हणून ती माझ्यासंगं स्टुडिओत येते. आमचा सिल्वासातला स्टुडिओ छोटासा आहे, लग्नाची गाणी, देवाची गाणी रेकॉर्ड होतात, आणि मी कम्प्युटरवर एडिटिंग करते.

“उद्यापासून पोरीला घरी ठेव,” शेठ म्हणले. “नाय जमत तर तू पण घरी बस.”

मला बी शंका आलीच. कारण रेकॉर्डिंगच्या दिवशी गुड्डी होती तिथं. वाटी बी होती. सॉरी शेठ, असं तोंडाशी आलंच होतं, पण म्हटलं आता सॉरी बोलले तं वाटी पोरीनंच वाजवली असं पक्कं होऊन बसंल. म्हणून म्हटलं, “शेठ, आधी मला ऐकू द्या.”

“शुं ऐकू द्या? संध्याकाळी पार्टी गाणं घ्यायला येते.”

“येऊ द्या ना. गुड्डी इथून उठणार नाही.”

बोलले आणि माऊस हातात घेतला.

आता हे काम काय असतं ते सांगते. ड्रमसेट वाजतो तेव्हा प्रत्येक ड्रमला वेगळा माइक असतो, आणि एक माइक लांब कोपऱ्यात, तो सगळ्या खोलीचा आवाज घेतो. त्याला रूम माइक म्हणतात. प्रत्येक माइकची कम्प्युटरवर वेगळी पट्टी, म्हणजे ट्रॅक. आमच्याकडं आठ. ड्रमवाल्याच्या कानात टकटक चालू असते, तिला क्लिक म्हणतात. त्याचा हात क्लिकच्या पुढं-मागं पडला की आम्ही तो ठोका कापतो आणि जागेवर सरकवतो. टायमिंग दुरुस्त करणं म्हणजे एवढंच. पण एक आहे, आठही ट्रॅक एकत्र बांधून एकदम कापावे लागतात. कारण एकच ठोका आठही माइकनी ऐकलेला असतो.

माझी शाळा आठवीत सुटली, ट्रॅकची इंग्रजी नावं मला झटकन वाचता येत नाहीत. मी रंगावर ओळखते. गाणं पुन्हा लावलं. डबल वाजलं. पुढं गेले, तिथं वाजलं नाही. मंग पुन्हा वाजलं. शेठ मागं उभे, त्यांचा श्वास माझ्या मानेवर, आणि गुड्डी माझी ओढणी चघळतेय. मी म्हटलं, देवा, वाटी असली तं असू दे, पण मला कळू तं दे.

मंग दिसलं. जिथं ड्रमवाला क्लिकवर बरोबर होता, काहीच कापलेलं नव्हतं, तिथं डबल नाही. जिथं कापून सरकवलंय, नेमकं तिथंच डबल. पोरगी काय कट बघून वाटी वाजवती?

“शेठ, इकडं बघा. सगळ्या पट्ट्यांचे तुकडे झालेत. ही खाकी पट्टी अख्खीच आहे.”

ती रूम माइकची होती. बाकीच्यांत ठोका नव्या जागी, हिच्यात जुन्या जागी. म्हणून दोनदा ऐकू येत होतं. मी ती पट्टी बंद केली. डबल गेलं.

“मंग ही कापली का नाही?” शेठ म्हणले.

“मला काय विचारता? दिलीपभाऊनं कापलंय.”

दिलीपभाऊ माझ्याआधी एडिटिंग करायचा, तेव्हा मी त्याच्या हाताखाली शिकत होते; तो हे गाणं अर्धवट टाकून कंपनीत लागला. मी फोन लावला, स्पीकरवर ठेवला.

“वहिनी, मी तं शेठ बोलले तसंच केलं,” दिलीपभाऊ म्हणला. “फोनवर म्हणले, ड्रमना ट्रॅक सात कापजे. मी सात कापले.”

“अरे सात नय, साथे!” शेठ किंचाळले. “साथे कीधुं हतुं में! बधा साथे!”

साथे म्हणजे गुजरातीत एकत्र; सगळे एकत्र काप, असं ते बोलले होते.

“मला वाटलं एक राखीव ठेवायचा असंल,” दिलीपभाऊ म्हणला. “बियाण्यासारखा.”

मला हसू फुटलं. शेठ तापले. “तुमा मराठी लोकांचे कानच खराब!”

“कान चांगले आहेत शेठ. तोंडात तंबाखूचा मावा धरून फोनवर कोण बोलतं?”

माझ्या तोंडून निघून गेलं. आता कामावरून काढतातच, वाटलं. पण ते बाहेर जाऊन थुंकून आले.

खोलीचा आवाज तं गाण्यात पाहिजेच, म्हणून मी मूळ रेकॉर्डिंग उघडलं, आठही ट्रॅक बांधले आणि पहिल्यापासून कापत गेले. जेवले नाही, एका हातानं पोरीला पाजलं, दुसऱ्यानं माऊस. पार्टी आली तेव्हा शेवटचा अंतरा चालू होता. त्यांच्यासंगं आलेल्या ड्रमवाल्यानं डोळे मिटून ऐकलं. “बरोबर बसलंय,” एवढंच म्हणला.

शेठ मला सॉरी म्हणले नाहीत. जाताना मी दारात उभी राहिले आणि विचारलं, “उद्या पोरीचं काय?”

“लावजे ने,” ते मोबाइलमध्ये बघत म्हणले. म्हणजे घेऊन ये.

“मराठीत सांगा शेठ. मला गुजराती चुकीचं ऐकू येतं.”

“आण बाई, आण!”

म्हणून सांगते, ठोका डबल वाजला तं आधी पट्ट्या मोजायच्या. लेकराचं नाव घ्यायला मागून बी वेळ असतो.