थोरले सगळे वऱ्हाडचे

"पाटील, यह गाँव है या सराय?"

तहसीलदारसाहेब असे ओरडले, की कचेरीच्या छपरावरची कबुतरं उडाली ती थेट वऱ्हाडात जाऊन बसली. त्यांच्या स्थलांतराची नोंद कुणी केली नाही, म्हणून इथे करतो.

निजामी अमलात मी मर्दुमशुमारीचा, म्हणजे शिरगणतीचा, सुपरवायझर होतो. माणूस कुठून कुठे गेला हे आम्ही एकाच सवालावरून ओळखायचो: जन्म कुठला? जन्म बाहेरचा आणि राहणं इथलं, तर तो आला. जन्म इथला आणि राहणं बाहेर, तर तो गेला. आलेल्यांतून गेलेले वजा केले की उरतं ते निव्वळ स्थलांतर. गाढवालाही जमलं असतं, पण गाढवाला भत्ता मंजूर नव्हता.

टेंभुर्णीपलीकडच्या किसनराव पाटलांच्या गावात मात्र घरोघरी बाहेरचे निघाले. सगळे इंग्रजांच्या ताब्यातल्या वऱ्हाडात जन्मलेले. साहेबांचा समज झाला, की पाटलांनी परमुलखातली माणसं चोरून वसवली.

"हुजूर, नवं मानूस म्हनाल तर एक अस्वलवाला आल्ता. त्योबी गेला," पाटील म्हणाले.

"खामोश! खुलासा द्या, नाही तर तुमची पाटीलकी गेली समजा."

आजा-पणजापासून चालत आलेली पाटीलकी. पाटलांनी पागोटं काढून हातात घेतलं. मी म्हणालो, "साहेब, गावात जाऊनच बघू."

टांगा केला. घोडं इतकं थकलेलं, की शेवटच्या चढाला आम्हीच त्याला धीर देत चाललो.

पहिलं घर पाटलांचंच. थोरला मुलगा पुढे आला. मिशा अशा, की दोन्ही टोकांना एकेक पोपट बसावा.

"पैदाइश?"

"सरहद्दीपल्याडचं देऊळगाव, सरकार. मामाच्या घरी."

"और तू?"

"हितलाच," धाकटा म्हणाला.

शेजारी तेच. थोरला वऱ्हाडचा, धाकटे इथले. त्यापुढच्या घरीही तेच. पुढे एका दारात साहेबांनी तोंड उघडायच्या आत एक बाप्या म्हणाला, "मी थोरला, सरकार."

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपली रीत. सरहद्द हाकेवर, म्हणून निम्म्या सुना पलीकडच्या. थोरलं लेकरू तिकडे जन्मायचं आणि बाळंत्यात गुंडाळून इकडे यायचं. आमच्या हिशेबात ते मुलूख सोडून वसायला आलेलं ठरलं, तेही झोपेत.

साहेबांना समजावलं. त्यांनी खुलासा लिहून घेतला. पाटीलकी वाचली.

"लेकिन आकडा कमी व्हायला पाहिजे. वर काय जवाब देऊ?"

"आकडा बराबर आहे, साहेब. आपला सवालच जन्म कुठला एवढंच विचारतो."

अमक्या मुलखात बाहेरचे लोंढे घुसले असं कुणी सांगितलं, की मी आता आधी विचारतो, तिथल्या सुना कुठल्या?

साहेबांना मात्र असा धडा पुरत नसे. टांग्यात बसता बसता त्यांनी हुकूम सोडला: यापुढे या गावच्या सुनांची पहिली बाळंतपणं गावातच व्हावीत. तो हुकूम घरात सांगायचं काम पाटलांनी माझ्यावर ढकललं. मी दाराशी उभा राहून सांगितला.

आतून पाटलीणबाई म्हणाल्या, "करू की. शेक-शेगडीला कचेरीतून कोन येनार, तेवढं इचारून या."