आवाज किती ठेवायचा

मिस्त्री म्हणजे एक वल्लीच. आपोआप वाजणारे जुने पियानो दुरुस्त करण्यात उभा जन्म गेला, पण आवाज ठरवायचा तर पियानोपाशी कधी बसायचे नाहीत. ऐकणारा जिथे असेल तिथेच खुर्ची टाकायची, हा त्यांचा हट्ट. कुणी हसलं की म्हणायचे, "मीठ बेताचं पडलंय का, हे चुलीला विचारता का जेवणाऱ्याला?"

या घरी सूनबाईंनी दारातच सांगून टाकलं, "काका, अगदी हळू करा. आजारपणात सासूबाईंची वाचा गेली. पियानो लावला की हात झटकतात, त्यांना सोसत नाही. आज जमलं नाही तर आमचे हे रविवारी विकून टाकतील. सासूबाईंच्या माहेरचा आहे हो तो!"

मिस्त्रींनी पुढची फळी काढली आणि भात्याची स्प्रिंग दोन आटे सैल केली. भात्याची ओढ कमी झाली की हातोड्या तारांवर हलक्या पडतात. मग भाता चालवायला सूनबाईंना पायडल मारत बसवून ते आतल्या खोलीत आजींच्या पलंगाशी जाऊन बसले.

भोकं पाडलेला कागद सरकू लागला, पट्ट्या आपसूक दबू लागल्या. आजी निवांत होत्या. मध्येच त्यांनी हात झटकला.

"बंद करू?" बाहेरून आवाज आला.

"बंद काय करताय ताई! पहिल्यापासून लावा."

दुसऱ्यांदाही हात तिथेच झटकला. मग मिस्त्रींनी बाहेर जाऊन स्प्रिंग मुद्दाम आवळली, चाल मोठ्याने लावायला सांगितली आणि पुन्हा पलंगाशी येऊन बसले. तरी हात हलला तो त्याच जागी, इतरत्र कुठेच नाही. त्यांनी नीट कान दिला आणि कपाळावर हात मारून घेतला. अहो, तिथे एक सूर वाजतच नव्हता!

पियानोच्या आत त्या सुराच्या रबरी नळीला चीर गेली होती. बोटभर नवा तुकडा बसवला. चौथ्या वेळी चाल ती जागा ओलांडून गेली. आजींचा हात पांघरुणावर तसाच राहिला आणि डोळ्यांतून पाणी आलं.

मिस्त्रींनी सूनबाईंना आत बोलावून सगळं सांगितलं. त्यांचा चेहराच उतरला.

"म्हणजे बंद करा असं नव्हतं त्यांचं? सहा महिने मी धावत जाऊन बंद करत होते हो!" त्यांनी सासूबाईंचा हात धरला. "आई, चुकलं माझं."

आजींनी हात सोडवून घेतला आणि बाहेर पियानोकडे बोट दाखवलं. सूनबाई डोळे पुसत पुन्हा पायडलपाशी जाऊन बसल्या.