हात मिळवेपर्यंत

आम्ही क्वेकर. इथे हा शब्द उच्चारला की लोक आधी हसतात, मग विचारतात, हे काय नवीन? नवऱ्याच्या नोकरीपायी मध्य प्रदेशात राहिलो, तिथे या ख्रिस्ती पंथाचं वळण लागलं. ना पुजारी, ना आरती. रविवारी गप्प बसायचं, आतून काही उमटलं तरच बोलायचं, आणि शेवटी शेजाऱ्याशी हात मिळवला की बैठक संपली. निवृत्तीनंतर संग्रामपूरजवळ गावी परतलो, तेव्हा आम्हा दोघांचीच बैठक व्हायची.

मग हे गेले. आमच्या बौद्धवस्तीतून स्मशानाकडे जाणाऱ्या वाटेवर एका शेतकऱ्याने काटेरी तार ओढलेली, म्हणून यांना नाल्याच्या चिखलातून न्यावं लागलं. खांदेकरी घसरत होते. आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

तहसीलचे उंबरठे झिजवले. ग्रामसभेत वाटेचा ठराव आला, हात वर करा म्हणाले. मी केला नाही. आम्हा क्वेकरांत मतं मोजत नाहीत. एकजण अडला, तर त्याच्यापाशी जाऊन बसायचं. वस्ती खवळली. सख्ख्या पुतण्याने बोलणं टाकलं. ठराव मंजूर झाला, तार जागची हलली नाही.

मग रविवारी मीच तार ओढणाऱ्या त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसले. वाट मोकळी करा एवढंच म्हणायला आलेय, आता गप्प बसते, असं सांगितलं. मग दर रविवारी जाऊ लागले. आधी त्याने पोलिसांची धमकी दिली, मग पाठ फिरवून बसू लागला, मग माझ्याकडे तोंड करून. बायको वारलेली, मुलं पुण्यात. आमच्या हातचं पाणी न पिणारा माणूस. चहा काय विचारणार, कपाळ! उन्हं वर आली की मी उठायची. हात मिळवायला कोणी नाही, म्हणून माझी एकही बैठक संपत नव्हती. घरी येऊन रडायची, लपवायचं कशाला? एकटीला ती शांतता खायला उठायची.

गेल्या रविवारी उठले, तर म्हणाला, "थांबा बाई. शेवटी हात मिळवता ना तुमच्यात? तुमच्या मालकानं सांगतलं होतं मले."

यांनी! मला कधी बोलले नव्हते. त्याने हात पुढे केला.

"तार उद्या काढतो. पण मंग रविवारी ओट्यावर याचं बंद नोका करू."

मी हात धरला. बराच वेळ दोघांपैकी कोणीच सोडला नाही.